शनिवारी कप, मंगळवारी घसरण : एफए कपचा २०१२-१३ चा मोसम समजून घेऊ

११ मे २०१३, शनिवार. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर विगन अॅथलेटिकनं मँचेस्टर सिटीला १-० नं हरवून एफए कप जिंकला. तीनच दिवसांनी, मंगळवारी, याच विगनला आर्सेनलनं ४-१ नं धुतलं आणि विगन प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमधून, खालच्या लीगमध्ये गेला. एकाच मोसमात एफए कपही जिंकला आणि वरच्या लीगमधून घसरलाही, असं त्याआधी कुठल्याच संघाच्या बाबतीत झालं नव्हतं.

मिरजेत किंवा सांगलीत मैदानाच्या कडेला बसून हे सांगितलं की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, मग टीम भारी होती का गंडलेली?"

या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं तर बाद पद्धतीची कप स्पर्धा म्हणजे नेमकं काय, हे पूर्ण कळतं. म्हणून तोच मोसम धरून बोलू. माझं मत आधीच सांगतो : विगन लीगमध्ये खरोखर कमी पडला, आणि कप त्यांनी खरोखर कमावला. दोन्ही निकाल खरे आहेत, कारण लीग एक गोष्ट मोजते आणि कप दुसरीच.

आपल्या भागात दोन्ही प्रकार लोकांच्या ओळखीचे आहेत. कोल्हापुरात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, साखळी स्पर्धा होते आणि त्याच मोसमात शाहू स्टेडियमवर निरनिराळे चषकही रंगतात. मिरजेतल्या फुटबॉलवाल्यांना तर 'हरला की घरी' हा नियम शिकवायची गरजच नाही. तरी साखळीचं गणित थोडक्यात सांगतो. प्रीमियर लीगमध्ये २० संघ. प्रत्येक जण बाकीच्या १९ जणांशी दोनदा खेळतो, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. झाले ३८ सामने. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर काही नाही. ऑगस्ट ते मे हिशेब चालतो आणि शेवटी तळाचे तीन संघ खालच्या डिव्हिजनला जातात.

विगनचा त्या वर्षीचा हिशेब असा : ९ विजय, ९ बरोबरी, २० पराभव, ३६ गुण, १८ वा नंबर. ३८ सामन्यांत ७३ गोल खाल्ले. इतके गोल खाल्ल्यावर नशिबाला बोल लावायला जागा राहत नाही. दहा महिन्यांत दुखापती, पाऊस, वाईट रेफरी, चांगले दिवस, वाईट दिवस हे सगळं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि एकमेकांत जिरून जातं. शेवटी उरतं ते संघाचं खरं वजन.

कपमध्ये असं काही जिरायला वेळच मिळत नाही.

आता एफए कपची रचना बघू. एफए म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना. तिची ही स्पर्धा १८७१-७२ मध्ये सुरू झाली. जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा हीच. पहिल्या वर्षी १५ संघांनी नावं दिली होती. २०१२-१३ मध्ये साडेसातशेहून जास्त संघ होते. त्यात कोट्यवधी पौंडांचे खेळाडू बाळगणारे क्लब होते, आणि दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे गावोगावचे संघही होते. सगळे एकाच कपसाठी.

इतक्या संघांची स्पर्धा बसवायची कशी? बाद पद्धतीचं एक साधं सूत्र आहे : प्रत्येक लढतीत एकच संघ बाहेर पडतो. म्हणून संघ जितके, त्याच्यापेक्षा एक लढत कमी. १६ संघांची स्पर्धा असेल तर १५ लढतींत विजेता मिळतो. संयोजकाची खरी डोकेदुखी सुरू होते ती ८, १६, ३२ असा आकडा जमत नाही तेव्हा. समजा ११ संघांची नोंदणी झाली. पुढचा जमणारा आकडा १६, म्हणजे ५ संघांना बाय, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश, द्यावा लागतो. उरलेले ६ खेळतात, त्यातले ३ पुढे येतात, आणि ३ अधिक ५ असे ८ जमतात. आता बाय कुणाला द्यायचा यावरून मंडळाच्या ऑफिसात किती आवाज चढतो, हे ज्यांनी स्पर्धा भरवली आहे त्यांना विचारा.

एफए कपमध्ये हा वाद होत नाही, कारण तिथं बाय पायरीनुसार ठरलेला आहे. सर्वांत खालच्या पायरीवरचे संघ ऑगस्टमध्येच खेळायला लागतात. पात्रतेच्या सहा फेऱ्या होतात आणि त्यातून ३२ संघ वर येतात. नोव्हेंबरमध्ये मुख्य स्पर्धेची पहिली फेरी, तिथं तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनचे ४८ संघ येऊन मिळतात. झाले ८०. दोन फेऱ्यांनंतर त्यातले २० शिल्लक राहतात. मग जानेवारीत तिसरी फेरी, आणि तिथं वरच्या दोन डिव्हिजनचे ४४ संघ पहिल्यांदा मैदानात उतरतात. २० आणि ४४ मिळून ६४. तिथून पुढं गणित सरळ आहे : ३२, १६, ८, ४, २, १.

म्हणजे मोठ्या संघाला कप जिंकायला सहा लढती पुरतात. अगदी तळातून निघालेल्याला चौदा. ही विषमता आहेच. पण तिसऱ्या फेरीपासून सगळे एकाच भांड्यात येतात आणि तिथून पुढं मोठ्यांना एकाही गोष्टीचं झुकतं माप मिळत नाही. या स्पर्धेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

कुंडलला किंवा आपल्याकडच्या कुठल्याही कुस्ती मैदानात जोड लावताना जाणती माणसं वजन बघतात, वय बघतात, कुठल्या तालमीचा पठ्ठा आहे, गेल्या वर्षी कुणाशी कसा लढला हे बघतात. जोड तोलामोलाची पाहिजे. विजोड कुस्ती लावली तर लोक जागेवरच हरकत घेतात. एफए कपची सोडत याच्या बरोबर उलट्या तत्त्वावर चालते. भांड्यात नंबर टाकलेले चेंडू, प्रत्येक नंबर म्हणजे एक संघ. पहिला निघाला तो घरच्या मैदानावर खेळणार, दुसरा निघाला तो त्याच्याकडे जाणार. मानांकन नाही, विभाग नाहीत. दोन बलाढ्य संघ एकमेकांवर आदळू शकतात, आणि पाचव्या पायरीवरच्या संघाच्या छोट्या मैदानावर प्रीमियर लीगचा संघ खेळायला येऊ शकतो. विजोड लढत व्हावी याची दारं इथं मुद्दाम उघडी ठेवली आहेत.

अजून एक बारकावा आहे, आणि आपल्याकडच्या संयोजकांनी तो जरूर बघावा. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवातीलाच एकदा लॉट पाडतात आणि अंतिम सामन्यापर्यंतचा तक्ता कागदावर तयार होतो. कोण कुणाशी कधी भिडू शकतो हे पहिल्याच दिवशी दिसतं. कोण कुठल्या बाजूला आहे यावरून हिशेब सुरू होतात. एफए कपमध्ये प्रत्येक फेरीनंतर नव्यानं सोडत होते. पुढच्या फेरीत कोण येणार हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळं पुढचा विचार करून आज जपून खेळण्यात काही अर्थ उरत नाही.

आता मोसमाकडे येऊ. जानेवारी २०१३ मधला चौथ्या फेरीचा शनिवार-रविवार आजही वाचताना अंगावर येतो. आदल्या शुक्रवारीच दुसऱ्या डिव्हिजनच्या मिलवॉलनं अॅस्टन व्हिलाला काढलं होतं. शनिवारी तिसऱ्या डिव्हिजनच्या एमके डॉन्सनं क्वीन्स पार्क रेंजर्सला त्यांच्याच मैदानावर ४-२ नं हरवलं. रविवारी लीड्सनं टॉटनहॅमला २-१ नं घरी पाठवलं, आणि ओल्डहॅमनं लिव्हरपूलला ३-२ नं. चेल्सीला ब्रेंटफर्डकडे २-२ अशी बरोबरी कशीबशी मिळाली. व्हिला, रेंजर्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, चेल्सी हे पाचही प्रीमियर लीगचे, आणि समोरचे सगळे खालच्या डिव्हिजनचे.

पण त्या आठवड्यातला सर्वांत मोठा निकाल लुटनचा. लुटन टाऊन तेव्हा पाचव्या पायरीवर होता. इंग्लंडच्या चार व्यावसायिक डिव्हिजनच्या बाहेर पडलेला संघ. तिसऱ्या फेरीत त्यांनी वुल्व्ह्जला हरवलं होतं. चौथ्या फेरीत चेंडू निघाला तो नॉर्विच सिटीचा, तोही नॉर्विचच्या मैदानावर. नॉर्विच प्रीमियर लीगचा. ८० व्या मिनिटाला लुटनच्या स्कॉट रेंडेलनं गोल केला आणि तोच सामन्यातला एकमेव गोल ठरला. व्यावसायिक डिव्हिजनच्या बाहेरच्या संघानं सर्वांत वरच्या डिव्हिजनच्या संघाला हरवण्याची गोष्ट त्याआधी १९८९ मध्ये घडली होती, सटन युनायटेडनं कॉव्हेंट्रीला हरवलं तेव्हा. म्हणजे मधली चोवीस वर्षं कोरडी गेली होती. पुढच्या फेरीत लुटन मिलवॉलकडून ०-३ हरला, पण त्या दुपारचं मोल त्यामुळं कमी होत नाही.

असं का होतं? पहिलं कारण खेळाच्या स्वभावातच आहे. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. दुबळ्या संघाला नव्वद मिनिटं वरचढ खेळावं लागत नाही. अकरा जणांनी मागं घट्ट उभं राहायचं, धावत राहायचं आणि एक संधी आली की ती सोडायची नाही. त्यात जानेवारी म्हणजे इंग्लंडमध्ये सामन्यांची नुसती रांग असते. मोठे संघ मुख्य खेळाडूंना विश्रांती देतात, दुसऱ्या फळीला उतरवतात. समोरच्या संघासाठी मात्र तो आयुष्यातला सर्वांत मोठा सामना असतो.

दुसरं कारण आकड्यांचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. समजा एखादा संघ इतका ताकदवान आहे की कुठल्याही लढतीत तो पुढं जाण्याची शक्यता १०० पैकी ८० आहे. असा संघ सलग सहा लढती जिंकेल याची शक्यता किती? ८० टक्के सहा वेळा गुणायचे. उत्तर येतं साधारण २६ टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येकापेक्षा भारी असूनही चारपैकी तीन वर्षं तो कपविना राहणार. शक्यता ७० टक्के धरली तर उत्तर १२ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून 'सर्वांत चांगला संघ कप जिंकेल' ही अपेक्षाच चुकीची आहे. कप बहुतेक वर्षी दुसराच कुणी जिंकणार, हे गणितातच लिहिलेलं आहे.

विगनची वाट आता बघा. विगन हे उत्तर-पश्चिम इंग्लंडमधलं कोळशाच्या खाणींचं आणि कापड गिरण्यांचं जुनं गाव. तिथं रग्बी लीगचं वेड फुटबॉलपेक्षा जुनं. क्लबला व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळाला १९७८ मध्ये, आणि प्रीमियर लीगमध्ये तो पोचला २००५ मध्ये.

तिसऱ्या फेरीत त्यांना घरच्या मैदानावर बोर्नमथ मिळाला, तेव्हाचा तिसऱ्या डिव्हिजनचा संघ. सामना १-१ असा सुटला. त्या वेळच्या नियमाप्रमाणं बरोबरी झाली की पुन्हा सामना, दुसऱ्याच्या मैदानावर. विगन तिकडं गेला आणि १-० नं जिंकला. चौथ्या फेरीत मॅकल्सफील्ड, पाचव्या पायरीवरचा संघ. हा संघ तिथवर आला कसा? आधीच्या फेरीत त्यांनी कार्डिफला बाद केलं होतं, आणि कार्डिफ त्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनचा विजेता ठरला. एका लहान संघाच्या पराक्रमामुळं दुसऱ्याची वाट सोपी होते, ते असं. विगन तिथंही पेनल्टीवरच्या एका गोलनं निसटला. मग हडर्सफील्डला ४-१. उपांत्यपूर्व फेरीत एव्हर्टन, त्यांच्याच मैदानावर, आणि तिथं विगननं पूर्वार्धात चार मिनिटांच्या आत तीन गोल मारले. ज्या बचावानं लीगमध्ये ७३ गोल खाल्ले, त्यानं त्या दिवशी एकही दिला नाही.

सोडतीनं साथ दिली का? दिली. एव्हर्टनपर्यंत सर्वांत वरच्या डिव्हिजनचा एकही संघ समोर आला नाही. दुसरीकडे चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड उपांत्यपूर्व फेरीतच एकमेकांसमोर आले, त्यातून वाचलेली चेल्सी उपांत्य फेरीत सिटीसमोर आली, आणि विगनच्या वाट्याला मिलवॉल आला. पण तीच सोडत विगनला बोर्नमथनंतर एकदाही घरच्या मैदानावर खेळू देत नव्हती, हेही त्याच तराजूत टाकायला हवं. बोर्नमथ, मॅकल्सफील्ड, हडर्सफील्ड, एव्हर्टन : चार विजय, चारही परक्या मैदानांवर. मिलवॉलला २-० नं हरवलं ते वेम्बलीच्या त्रयस्थ मैदानावर.

फेरसामन्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो नियम आता उरलेला नाही. २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनच फेरसामने बंद केले. बरोबरी झाली की जादा वेळ आणि मग टायब्रेकर, म्हणजे पाळीपाळीनं पेनल्टी किक, त्याच दिवशी निकाल. मोठ्या क्लबांच्या भरगच्च वेळापत्रकाला हे सोयीचं आहे. लहान क्लबांचं मात्र यात नुकसान आहे, आणि मला ते खटकतं. तिकिटांचा पैसा दोन्ही क्लबांत वाटला जातो. लहान संघानं मोठ्या संघाशी बरोबरी साधली की भल्यामोठ्या स्टेडियमवर दुसरा सामना आणि त्या कमाईतला वाटा मिळायचा. अशा एका फेरसामन्यावर लहान क्लबचं अख्खं वर्ष निघायचं. ब्रेंटफर्ड त्या मोसमात चेल्सीकडे फेरसामना खेळायला गेला, ०-४ हरला, पण रिकाम्या हातानं परत आला नाही. आजचा नियम तेव्हा असता तर विगन-बोर्नमथचा निकालही पहिल्याच दिवशी जादा वेळेत किंवा टायब्रेकरवर लागला असता. कदाचित ही सगळी गोष्टच घडली नसती.

अंतिम सामना. आपल्याकडे रात्रीचे पावणेदहा. विगन अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी लीगमध्ये घरच्या मैदानावर स्वानसीकडून २-३ हरला होता. घसरण जवळजवळ ठरलेली होती. समोर सिटी, आदल्या वर्षीचा लीग विजेता आणि या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरचा. विगनच्या संघाला मैदानात घेऊन आले क्लबचे मालक डेव्ह व्हेलन. १९६० च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात ते स्वतः ब्लॅकबर्नकडून खेळले होते आणि त्याच सामन्यात त्यांचा पाय मोडला होता.

सामना बघितला नसेल तर एवढं ध्यानात घ्या : विगन बचावाला बसला नव्हता. कॅलम मॅकमॅनमन हा तरुण विंगर सिटीच्या बचावपटूंना एकेकटं गाठून छळत होता. ८४ व्या मिनिटाला त्यालाच पाडल्याबद्दल पाब्लो झाबालेटाला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि सिटीचे दहा जण उरले. विगनचे प्रशिक्षक रोबेर्तो मार्टिनेझ यांनी त्याच्या थोडं आधी बेन वॉटसनला बदली खेळाडू म्हणून उतरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध वॉटसनचा पाय मोडला होता, आणि तो नुकताच परतला होता. नव्वद मिनिटं संपली. शॉन मॅलोनीनं कॉर्नर घेतला, वॉटसन जवळच्या खांबाकडे धावत आला, उडी घेतली, डोक्यानं चेंडू वळवला आणि गोलरक्षक जो हार्टच्या हाती काही लागलं नाही. १-०. थांबलेल्या खेळाची भरपाई म्हणून मिळालेल्या वेळेतलं पहिलंच मिनिट होतं ते.

दोन दिवसांनी सिटीनं प्रशिक्षक रोबेर्तो मान्चिनी यांना काढलं. तिसऱ्या दिवशी विगन आर्सेनलकडे गेला, पूर्वार्धात मॅलोनीच्या फ्री किकवर १-१ अशी बरोबरीही साधली, आणि उत्तरार्धात कोसळला.

कप जिंकल्याबद्दल लीगमध्ये एकही गुण मिळत नाही, घसरणीतून सूट मिळत नाही. मिळते ती युरोपा लीगमधली, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेतली, जागा. म्हणून पुढच्या मोसमात विगन इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता आणि त्याच वेळी बेल्जियमचा झुल्टे वारेगेम, रशियाचा रुबिन कझान आणि स्लोव्हेनियाचा मारिबोर यांच्याशी युरोपातही लढत होता. लीग आणि कप या दोन वेगळ्या वह्या आहेत, त्यांची बेरीज कुठंच होत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

आणि ज्यांना तो एक गोल नशिबाचा वाटतो, त्यांच्यासाठी पुढची नोंद. मार्च २०१४ मध्ये, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना, विगननं एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत सिटीला सिटीच्याच मैदानावर २-१ नं हरवलं. उपांत्य फेरीत आर्सेनलशी १-१ अशी बरोबरी केली आणि टायब्रेकरवर हरला. पुढं कप आर्सेनलनं जिंकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये, आता तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलेल्या विगननं पाचव्या फेरीत पुन्हा सिटीला गाठलं. ७९ व्या मिनिटाला विल ग्रिगनं गोल केला आणि सिटी १-० नं बाद झाली. त्या मोसमात सिटीनं लीग जिंकली ती १०० गुण मिळवून.